वाड्यातला गीझर आणि माळ्यावरचा बंब : आठ महिन्यांनंतर

गीझर पंधरा लिटरचा, दोन हजार वॅटचा, पाच स्टारचा. बाकीची माहिती खोक्यावर छापलेली असते, ती पुन्हा लिहीत नाही. हा गीझर मातीच्या भिंतींच्या जुन्या वाड्यात लावला आणि दिवाळीत घरात अकरा माणसं आली की काय होतं, ते मात्र कुठेच लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून लिहिते आहे.

जून २०२५ मध्ये पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिला आणि आम्ही वाईला सासरच्या वाड्यात राहायला आलो. नदीपासून दोन गल्ल्या आत. मागचा चौक कधीच पडला, पुढचा शाबूत आहे. दोन-दोन फूट जाड भिंती, सागवानी तुळया, वर तक्तपोशी आणि कौलं. उन्हाळ्यात पंख्याची गरज नाही, पण न्हाणीघर चौकाच्या पलीकडे, परसदाराला लागून. सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, त्यामुळे आल्याआल्या पहिली खरेदी गीझरची.

त्याच आठवड्यात माळा आवरताना पाणी तापवायचा तांब्याचा बंब निघाला. काळाठिक्कर पडलेला, तळाशी चिरलेला. भंगारवाल्याने किलोला साडेसहाशे सांगितले, वजन भरलं अकरा किलो. सात हजारांच्या वर रक्कम होत होती आणि मी द्यायलाच निघाले होते. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, दिवाळीपर्यंत तरी राहू दे." राहू दिला. चीर मात्र मला बघवेना, म्हणून जुलैत पुण्याला गेले तेव्हा एसटीतून नेला आणि कसब्यातल्या तांबट आळीत तळ झाळून, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधून, घेतला. चौदाशे रुपये. तेव्हा ते पैसे वाया गेले असंच वाटलं होतं.

पहिले दोन महिने गीझर उत्तम चालला. वीस मिनिटांत दिवा बंद, कडक पाणी, एका माणसाच्या दोन बादल्या आरामात. मी नणंदेलाही हाच घे म्हणून सांगितलं होतं.

मग गौरीजेवणाच्या दिवशी सकाळी बटण दाबलं आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा बोर्डावरचा खटका, खटकन पडला. सगळं घर अंधारात. वर केला, पुन्हा पडला. कंपनीच्या नंबरवर पाच फोन केले, माणूस आला चौथ्या दिवशी. तोवर ऊन पडलं होतं आणि त्याच्यासमोर गीझर निमूट चालला. "मॅडम, दोष काही नाही," म्हणाला आणि वॉरंटी असूनही साडेचारशे रुपये भेटीचे म्हणून घेऊन गेला. दोष सापडला नाही म्हणून पैसे, हा न्याय मला आजही पटलेला नाही. घर माझं अंधारात गेलं होतं, त्याचं नव्हे.

यानंतर धनत्रयोदशी, १८ ऑक्टोबर. दीर-जाऊ, नणंद, मुलं सगळी आलेली. चौकात किल्ल्याची माती कालवलेली, कंदील तुळईला टांगलेला, चुलीवर चकल्या. मी संध्याकाळी गीझर लावून बघितला आणि पुन्हा तेच, खटकन. फोनवर उत्तर मिळालं की घराचं वायरिंग जुनं असेल तर ते वॉरंटीत बसत नाही, आणि दिवाळीनंतरची वेळ मिळेल. मी अर्धा तास भांडले. हाती काही लागलं नाही.

नरकचतुर्दशी सोमवारी, २० तारखेला. खरं म्हणजे गीझर चालू असता तरी भागलं नसतं, हे मला त्या रात्री हिशेब करताना कळलं. अकरा माणसं, प्रत्येकाच्या पाण्याला वीस मिनिटं, म्हणजे पावणेचार तास. सगळ्यांची अभ्यंगस्नानं उजाडायच्या आत व्हायची तर रात्री अडीचला उठून रांग लावावी लागली असती. फ्लॅटमध्ये तीन माणसांसाठी बनलेली ही वस्तू आहे. भरल्या घराचा विचार तिच्यात नाही.

पहाटे साडेतीनला बंब चौकात काढला. न्हाणीघरात कधीही पेटवू नका, दार लावून तर नाहीच. निखाऱ्यांचा विषारी वायू बंद जागेत साठतो आणि त्याला वास नसतो. सासूबाई पाट घेऊन शेजारी बसल्या. "आधी पाणी भर, मग पेटव. रिकामा तापला तर झाळ सुटते." पंचवीस लिटर पाणी भरलं. मधल्या नळीत वरून कागद, त्यावर नारळाच्या शेंड्या, दोन करवंट्या, वर सुतारकामाच्या ढलप्या. खालच्या जाळीतून काडी लावली. आधी नुसता धूर, डोळे चोळायला लावणारा, आणि मग नळीतून घुर्र असा आवाज सुरू झाला. तो आवाज आला की सासूबाईंचं तोंड उजळलं. पंचवीस मिनिटांनी तोटीला हात लावून बघितला आणि झटकन मागे घेतला.

यापुढे गणित गीझरच्या उलट चाललं. एक बादली काढायची, तेवढं गार पाणी वरून ओतायचं, दोन ढलप्या टाकायच्या. निखारे तयार असल्यामुळे पुढची बादली तापायला पहिल्याइतका वेळ लागत नाही. आपलं पाणी दुसऱ्याने संपवलं ही कटकट नाही. एका बाजूला जाऊ तेल-उटणं लावत होती, दुसऱ्या बाजूला मी पाणी काढत होते. मुलं तुळशीपाशी कारीट फोडून 'गोविंदा' ओरडत होती. दिरांची अंघोळ होत आली आणि सहाचा सुमार झाला. अकराही जणांच्या अंघोळी उजाडायच्या आत झाल्या. त्या दिवशी मी मनातल्या मनात सात हजार रुपये बंबालाच देऊन टाकले.

आता बंबाचा दोष. एकच आहे, पण त्याने माझे दोन महिने खाल्ले. तोटी गळते. पितळी तोटी, मधली गुल्ली निमुळती, फिरवली की पाणी. बंद केली तरी सेकंदाला एक थेंब. कोणी म्हणेल, एका थेंबाचं काय एवढं? मी रात्री दहाला खाली तांब्या ठेवला, सकाळी सहाला तो भरून वाहत होता. तापवलेलं पाणी असं जातं आणि बंबातली पातळी खाली जाते. पातळी गेली की झाळ सुटायची भीती, म्हणजे चौदाशे रुपयांची. शिवाय चौकातल्या दगडी फरशीवर हिरवा डाग पडायला लागला.

आधी गुल्लीला मेण लावलं. गार असताना थांबलं, तापल्यावर वितळलं. मग सुताची वात गुंडाळली, तर गुल्ली फिरेना, आणि जोर लावला तर तोटीच बुडातून हलायला लागली. दुकानात नवी तोटी साडेतीनशेला होती, आणली, तिचे आटे जुन्या नळीला बसेनात. परत केली, त्याने शंभर कापून घेतले. शेवटी जानेवारीत गल्लीच्या टोकाच्या गॅरेजमधल्या मुलाने उपाय काढला. इंजिनाचे व्हॉल्व घासायची जी पेस्ट असते ती गुल्लीला बोटभर लावली आणि गुल्ली तिच्याच घरात उलटसुलट फिरवत राहिला, पंधरा-वीस मिनिटं. मध्येच पुसायचा, उजेडात धरायचा. सुरुवातीला गुल्लीवर एकाच बाजूला चकाकी होती, म्हणजे ती तेवढ्याच ठिकाणी टेकत होती. हळूहळू सगळीकडून एकसारखी राखाडी झाली. मग रॉकेलने धुतली, ग्रीसचा हात दिला, बसवली. थेंब बंद. पैसे विचारले तर म्हणाला, "काकू, चकल्या दिल्या होत्या की दिवाळीत."

गीझरबद्दलचं माझं मत मात्र डिसेंबरात बदललं, तेही सांगायला हवं. ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने गीझर सोडवून मीटर लावला, गीझरमध्ये गळती काहीच नाही. मग न्हाणीघराच्या भिंतीतून आलेली वायर तपासली. कोणे एके काळी तिथे जोड मारून वर नुसती कापडी पट्टी गुंडाळली होती आणि माती लिंपून टाकली होती. भिंत ओली झाली की जोडातून करंट भिंतीत उतरायचा आणि ईएलसीबी पडायचा. गौरीच्या वेळी पावसाने भिंत ओली होती. आणि दिवाळीच्या दोन दिवस आधी? मीच भिंतीला चुन्याचा हात दिला होता! कंपनीचा माणूस आला तेव्हा भिंत वाळलेली, म्हणून त्याला दोष दिसला नाही.

त्यामुळे गीझर वाईट, हे माझं दिवाळीतलं मत मी मागे घेते. साडेचारशे रुपयांचा राग मागे घेत नाही. भिंत आणि जोड बघण्याची तसदी त्याने घेतली असती तर आम्ही तीन महिने त्या भिंतीला हात टेकवून अंघोळी केल्या नसत्या. ईएलसीबी नसता तर काय झालं असतं, हा विचार मला अजून रात्री येतो. जुन्या घरात राहणाऱ्यांनी गीझरच्या आधी तो बसवून घ्या. तो सारखा पडतो म्हणून काढून टाका असं सांगणारे दोघे मला भेटले, त्यांचं ऐकू नका.

वायरमनने बोर्डापासून चार चौरस एमएमची वेगळी वायर पाइपातून, भिंतीच्या बाहेरून आणली. परसात अडीच मीटरचा पाइप पुरून कोळसा-मीठ घालून नवं अर्थिंग केलं. सगळे मिळून नऊ हजार दोनशे. गीझरच्या किमतीपेक्षा जास्त. तेव्हापासून एकदाही खटका पडलेला नाही, भर थंडीतही. रोजच्या तीन अंघोळींना गीझर, एका वेळेला पाऊण युनिटच्या आत काम. बंबाला लागणारं ढलप्यांचं पोतं वखारीत ऐंशी रुपयांना मिळतं, पण राख काढणं, चिंच-मिठाने घासणं आणि धुराने काळी होणारी तुळई हे रोज जमणारं नाही.

आता कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवाला पुन्हा पाहुणे येणार आहेत, म्हणून काल बंब घासून चौकात आणून ठेवला. जाळीचे दोन गज जळून पातळ झालेत, ते लोहाराकडून बदलून घ्यायचेत. काल रात्री तोटीखाली परत तांब्या ठेवला होता. सकाळी कोरडा होता.