थेरपी लागू पडतेय का: जीएडी-७ चे गुण की टाळाटाळीची वही?

जीएडी-७ या चिंता मोजणाऱ्या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल ७ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र चिंता धरतात. पाच मिनिटांचं काम. साधारण ४ गुणांची घट झाली तर ती दखल घेण्याजोगी. एक-दोन गुण अपुऱ्या झोपेनेही हलतात.

टाळाटाळीच्या वहीला, म्हणजे भीतीपोटी काय टाळलं याच्या रोजच्या नोंदीला, कष्ट जास्त. गर्दीच्या भीतीने पुण्यातली स्वारगेटची पीएमपी बस टाळली जात असेल, तर रोज लिहायचं: बसमध्ये चढलात का, चढताना भीती किती (० ते १००), उतरताना किती, आणि आधार कशाचा घेतला. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. दाराशीच उभं राहणं, पर्समधली गोळी चाचपणं, बहिणीला सोबत नेणं: प्रवास अशा आधारावर झाला, की मन श्रेय आधाराला देतं आणि भीती तशीच राहते.

दोन्हींचं जुळलं नाही तर वहीवर विश्वास ठेवा. कायम रिक्षाने फिरणाऱ्याचे गुण उतरतात, कारण भीतीशी गाठच पडत नाही. उलट, टाळलेल्या गोष्टींना सामोरं जायला लागल्यावर सुरुवातीला गुण चढूही शकतात. तेवढ्यावरून थेरपी सोडू नका. मात्र सहा-आठ सत्रांनंतर वही आणि गुण दोन्ही जागचे हलले नसतील, तर पुढची आखणी बदलायची का, हे थेरपिस्टला स्पष्ट विचारा.

जीएडी-७ आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारत नाही. ते येत असतील तर पुढच्या सत्राची वाट न पाहता सांगा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.