भाचीसाठी घेतलेले सॉफ्टबॉलचे साहित्य : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझी बारा वर्षांची भाची परभणीला असते आणि दीड वर्षापासून शाळेच्या संघात सॉफ्टबॉल खेळते. मागच्या दिवाळीत तिला ड्रेस न घेता खेळाचे साहित्य द्यावे, असे मी ठरवले. ते साहित्य आता हिवाळा, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा काढून झाले आहे. अशी खरेदी करू पाहणाऱ्या पालकांना आणि मामा-काकांना उपयोग व्हावा, म्हणून काय टिकले आणि काय चुकले हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली चूक ग्लोव्हची झाली. मुलांसाठी वाढत्या अंगाचे कपडे घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याच सवयीने, दहावीपर्यंत पुरेल या हिशेबाने, मी १३ इंची ग्लोव्ह घेतला. हे माप मोठ्या हाताच्या आणि आउटफिल्डला, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात, उभ्या राहणाऱ्या खेळाडूचे आहे. भाची मात्र सेकंड बेसला, म्हणजे धावणारीने गाठायच्या दुसऱ्या ठाण्याजवळ, खेळते. चेंडू ग्लोव्हमध्ये यायचा, पण तिची बोटे तो मिटण्याआधीच निसटायचा, आणि अडकलाच तर उजव्या हाताने शोधून बाहेर काढेपर्यंत धावणारी मुलगी बेसवर पोहोचलेली असायची. याहून वाईट गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. झेल सुटत गेल्यामुळे ती चेंडूसमोरून अंग काढून घेऊ लागली होती, आणि घरातले आम्ही सगळे ‘हिला भीती वाटते’ असे म्हणत होतो. जानेवारीत साडेअकरा इंची चामड्याचा ग्लोव्ह आणला आणि पंधरा दिवसांत ती पुन्हा चेंडूच्या रेषेत उभी राहू लागली. भीती तिच्या मनातली नव्हती, आम्ही हातात दिलेल्या मापाची होती, याचे मला आजही वाईट वाटते.

ग्लोव्ह घेताना आणखी एक काळजी घ्यावी. उजव्या हाताने फेकणारा खेळाडू ग्लोव्ह डाव्या हातात घालतो. त्यामुळे वेष्टनावर ‘उजवा’ लिहिलेले असले, तर तो फेकण्याचा हात की घालण्याचा, हे विचारूनच पैसे द्यावेत. नवे चामडे कडक असते. आम्ही रोज रात्री ग्लोव्हच्या खोबणीत चेंडू ठेवून जुन्या ओढणीने तो घट्ट बांधून ठेवत होतो आणि सायंकाळी अर्धा तास झेल घेत होतो. नीट मिटायला त्याला जवळजवळ सहा आठवडे लागले. मध्यंतरी आजीने मायेने त्याला भरपूर खोबरेल तेल चोळले, त्याने चामडे जड आणि लिबलिबीत झाले. तेल लावायचेच तर बोटभर पुरते. एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा चाळिशीच्या वर असतो, त्या उन्हात मैदानाच्या कडेला ग्लोव्ह पडून राहिला तर चामडे वाळून तडकते. पावसाळ्यात उलट बुरशीची भीती असते, म्हणून ओला ग्लोव्ह पिशवीत न कोंबता सावलीत वाऱ्यावर सुकवावा.

बॅटच्या बाबतीत मी सावध होतो, तरी एका दुकानात बेसबॉलची बॅट सॉफ्टबॉलची म्हणून पुढे करण्यात आली. सॉफ्टबॉलच्या बॅटचा जाड भाग सव्वादोन इंचांपेक्षा अधिक व्यासाचा चालत नाही आणि लांबी ३४ इंचांपर्यंतच असते, हे ठाऊक असल्यामुळे ती परत केली. शेवटी ३० इंच लांबीची आणि २० औंस वजनाची अॅल्युमिनियमची बॅट घेतली. बॅट एका हाताने आडवी, खांद्याच्या उंचीवर धरायला सांगावी. पंधरा-वीस सेकंदांत हात थरथरून खाली आला, तर ती बॅट त्या मुलीला जड आहे. कंपोझिट, म्हणजे कार्बनसारख्या तंतूंची बॅट महाग असते, सुरुवातीला दीड-दोनशे फटके मारून ती सरावाची करावी लागते आणि कडक थंडीत तिला तडा जाण्याचा धोका असतो. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान दहा अंशांखाली उतरते आणि सराव नेमका पहाटेच असतो, त्यामुळे अॅल्युमिनियमचा निर्णय योग्य ठरला. नऊ महिन्यांत तिच्यावर एक बारीक पोचा आला आहे; मुठीवरची पट्टी मात्र घामाने दोनदा बदलावी लागली.

चेंडूविषयी घरच्यांचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नावात ‘सॉफ्ट’ असले तरी १२ इंच परिघाचा हा चेंडू साधारण १७८ ते १९८ ग्रॅम भरतो, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून जड, आणि तो टणकच असतो. म्हणून दोन्ही कान झाकणाऱ्या हेल्मेटवर काटकसर करू नये. घरच्या सरावासाठी प्रशिक्षकांनी ११ इंची, थोडा हलका चेंडू सुचवला, तो लहान हातात चांगला बसतो. मुरमाच्या मैदानावर चामड्याचे आवरण महिन्याभरात खरवडले जाते आणि काळ्या मातीच्या चिखलात चेंडू पाणी पिऊन जड होतो, त्यामुळे पावसाळ्यात कृत्रिम आवरणाचे चेंडूच वापरावेत. बुटांना रबरी स्टड पुरेसे आहेत. बॅटिंगचे हातमोजे भाचीने आठवडाभर हौसेने घातले आणि मग सोडून दिले.

सर्वांत अधिक वापरली गेलेली वस्तू मात्र भेट म्हणून कोणाच्या मनात येणार नाही : कापडी मोजपट्टी. महिलांच्या सामन्यात पिचरपासून (चेंडू टाकणारीपासून) होम प्लेटपर्यंतचे, म्हणजे फटका मारणारीच्या जागेपर्यंतचे, अंतर ४३ फूट आणि दोन बेसमधले ६० फूट असते. भाची आणि तिच्या मैत्रिणी शाळेमागच्या मोकळ्या जागेत ही अंतरे मोजतात, फक्कीने रेघा आखतात आणि मग खेळतात. अंदाजाने खेळताना तिची फेक बेसच्या अलीकडेच पडायची. मोजून आखल्यापासून किती जोर लावायचा हे हातालाच कळू लागले. चेंडू ठेवून फटके मारण्याचा टी आम्ही पीव्हीसी पाइप आणि रबरी नळीच्या तुकड्यापासून घरीच केला, आणि जाळी क्रिकेटचीच, बांबूच्या चौकटीला बांधलेली आहे. विकतच्या टीची गरज अजून भासलेली नाही.

गेल्या आठवड्यात ग्लोव्हच्या बोटांमधली वादी सैल झाली होती. चप्पल शिवणाऱ्या मोच्याकडे नेल्यावर त्यांनी तासाभरात नवी वादी ओवून दिली. या दिवाळीत मी नवी बॅट घेईन, पण त्याआधी परभणीला जाऊन, भाचीच्या हातात ३१ इंची बॅट देऊन ती किती वेळ धरता येते ते पाहीन.