बोर्डावर तीन दिवे, आत एकच फेज

घराला थ्री फेज, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारांचे, कनेक्शन मिळवून देतो असे सांगून एका कंत्राटदाराने माझे ४१,३०० रुपये नेले. तो आजही यावल तालुक्यात नव्या बंगल्यांची कामे घेत फिरतो आहे, म्हणून हे लिहीत आहे.

खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, घरोघरी एसी सुरू होतात आणि संध्याकाळी व्होल्टेज इतके पडते की पंख्याची पाती मोजता यावीत. आमच्याकडे दीड टनाचे दोन एसी, गीझर आणि एक अश्वशक्तीची पाण्याची मोटर आहे. थ्री फेज घेतल्यास व्होल्टेज पडणार नाही, एक फेज गेला तरी दुसऱ्यावर घर चालेल आणि बिलही कमी येईल, असे त्याने सांगितले. यातील मधली तेवढी गोष्ट खरी होती आणि तिच्या जोरावर त्याने बाकीच्या दोन खपवल्या. बिल वापरलेल्या युनिटचे येते, फेज किती आहेत यावर युनिट कमी होत नाहीत. उलट स्थिर आकार वाढतो: २०२४-२५ च्या दरांत घरगुती सिंगल फेजला तो महिन्याला १२८ रुपये होता, तर थ्री फेजला ४२४ रुपये. दरपत्रक स्वतः वाचा, कंत्राटदार ते दाखवीत नाही.

कोटेशन व अनामत म्हणून १२,००० रुपये, चार कोअरच्या केबलचे १४,८००, बोर्ड व चेंजओव्हर स्विचचे (घर एका फेजवरून दुसऱ्यावर नेणारा खटका) ९,५०० आणि ‘वरच्या खर्चाला’ ५,००० असे त्याने घेतले. मीटरचा तुटवडा असल्यामुळे नवा मीटर येईपर्यंत जुन्याच मीटरवर तात्पुरती जोडणी ठेवतो, असे तो म्हणाला. मीटरसाठी ताटकळलेली माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यामुळे यात खोटे वाटण्यासारखे काही नव्हते. बोर्डावर लाल, पिवळा आणि निळा असे तिन्ही दिवे लागले. माझ्या विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर आहे. स्टार्टरवरचे तिन्ही दिवे लागले की थ्री फेज आला, हे पाहतच आमची हयात गेली. त्या दिव्यांवर विश्वास ठेवला म्हणून मला कोणी भोळा म्हणू नये.

खरी खूण एका रात्री समोर आली होती आणि तिचाच मनस्ताप अजून होतो. घरात अंधार झाला, मी चेंजओव्हरचा खटका तिन्ही जागी फिरवून पाहिला, पण एकही दिवा लागला नाही. फोन केला तेव्हा तो म्हणाला, “आप्पा, तिन्ही फेज गेले असतील.” शेजारी उजेड आहे असे सांगितल्यावर, “त्यांच्याकडे इन्व्हर्टर असेल,” असे उत्तर मिळाले. त्याच वेळी भिंतीपलीकडून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटरचा आवाज येत होता. घरगुती इन्व्हर्टरवर पाण्याची मोटर कोण चालवतो? तो आवाज ऐकत मी मेणबत्ती शोधत होतो.

पुढे दुसऱ्या वायरमनने मल्टिमीटरच्या दोन पिना लाल आणि पिवळ्या फेजच्या तारांना लावल्या. दोन वेगळ्या फेजमध्ये साधारण ४०० व्होल्ट दिसायला हवेत, तिथे शून्य दिसले. न्यूट्रलशी, म्हणजे परतीच्या तारेशी, मात्र तिन्ही तारा २३० दाखवीत होत्या. बोर्ड उघडल्यावर दिसले की जुन्या मीटरमधून आलेली एकच तार बोटभर तुकड्यांनी तिन्ही ठिकाणी लूप केलेली होती. त्याच वायरमनने हिशेब मांडून दाखवला की सगळी उपकरणे एकदम चालली तरी भार सात किलोवॅटच्या आसपास, म्हणजे सुमारे ३० अँपिअर होतो. त्यासाठी बिलावरचा मंजूर भार वाढवून घेणे पुरेसे होते. व्होल्टेज पडते ते डीपीवर, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार जास्त झाल्यामुळे, आणि भारावलेली डीपी तुमच्या घरात तीन तारा आणून सुधारत नाही. शिवाय खऱ्या थ्री फेजमध्ये न्यूट्रल तुटला तर घरातील उपकरणांवर २३० च्या कितीतरी वर व्होल्टेज येऊन ती जळू शकतात, हे विकणारा कधीच बोलत नाही.

वीज कार्यालयात गेलो, तर माझ्या नावाने कोणताही अर्जच आलेला नाही, त्यामुळे हा तुमचा खासगी व्यवहार आहे, असे खुर्चीवरून न उठता सांगण्यात आले. जुन्या मीटरवर असली जोडणी पाहूनही पंचनामा करायला कोणी आले नाही. उलट मीटरला हात लावल्याची नोटीस मलाच देण्याची भाषा झाली. पोलीस ठाण्यात हे दिवाणी प्रकरण ठरले. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, असे म्हटल्यावर ठाण्यातील साहेबांनी ५,००० रुपयांवर बोट ठेवले: २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, तेव्हा लिहून देण्यापूर्वी विचार करा. ते पैसे खरोखर कोणाला पोचले का, हे विचारण्याची तसदी मात्र एकानेही घेतली नाही. चोराला सोडून फिर्यादीला दटावण्यात या मंडळींचा हातखंडा आहे.

अनामतीचा पैसा कंत्राटदाराच्या हाती देऊच नका. कोटेशन तुमच्या नावाने निघते आणि त्याची पावती वीज कंपनीचीच असते. माझ्या ‘पावती’वर बारा अंकी ग्राहक क्रमांक नव्हता आणि क्यूआर स्कॅन केल्यावर एका मोबाइल दुकानाचे नाव आले होते. ‘आमचेच दुकान आहे’ म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवला, कारण गावात व्यवहार असेच होतात.

पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि वायरमनने लिहून दिलेली तपासणी जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. ज्यांच्याकडे नवा मीटर न येताच तीन दिव्यांचा बोर्ड बसला असेल, त्यांनी जाणत्या वायरमनकडून फेज ते फेज व्होल्टेज मोजून घ्यावे आणि शून्य आल्यास तार काढण्यापूर्वी त्या रीडिंगचा फोटो काढून ठेवावा.