क्लिनिकल एपिडेमिऑलॉजीची निवासी कार्यशाळा : शिकवणी उत्तम, वेळेची वाटणी चुकलेली

प्रसिद्ध झालेले संशोधन वाचून समोरच्या रुग्णाबाबत निर्णय कसा घ्यावा, हे शिकवणारी तीन दिवसांची निवासी कार्यशाळा पुण्यातील एक अध्यापन रुग्णालय भरवते. प्रबंधाच्या धास्तीने आलेले पदव्युत्तर विद्यार्थी, क्रेडिट पॉइंटसाठी आलेले ज्येष्ठ डॉक्टर आणि शिकण्याच्या ओढीने आलेले मोजके, असा संमिश्र वर्ग होता. व्याख्याने कमी आणि लहान गटांतील चर्चा अधिक, ही कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात रुळलेली पद्धत. तेथे १९६७ साली डेव्हिड सॅकेट यांनी या विषयाचा विभाग उभारला. येथे ती पद्धत प्रामाणिकपणे पाळली जाते.

निदान चाचण्यांचे सत्र सूत्रांऐवजी माणसे मोजून शिकवले गेले, हे विशेष आवडले. सेन्सिटिव्हिटी (आजारी व्यक्तींना पॉझिटिव्ह दाखवण्याचे प्रमाण) आणि स्पेसिफिसिटी (निरोगी व्यक्तींना निगेटिव्ह दाखवण्याचे प्रमाण) दोन्ही ९० टक्के असलेली चाचणी १००० जणांवर केली आणि त्यांतील १० जणच आजारी असतील, तर १०८ जण पॉझिटिव्ह येतात आणि त्यांतले ९ जण खरोखर आजारी असतात. तीच चाचणी निम्मे लोक आजारी असलेल्या गटात केली, तर ५०० पॉझिटिव्हपैकी ४५० खरे निघतात. सरसकट तपासण्या लिहून देणाऱ्या आपल्या व्यवसायाने हा हिशेब भिंतीवर लावावा.

कार्यशाळेचा खरा कस लागला तो अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीपूर्वी, बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून, आईला द्यायच्या स्टेरॉइडवरील सत्रात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि होवी यांनी १९७२ साली या उपचाराचा फायदा दाखवला. त्यांच्या आणि नंतरच्या उपचार-चाचण्यांचा (काहींना औषध देऊन व काहींना न देता केलेल्या तुलनांचा) एकत्रित आलेखच पुढे वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचे बोधचिन्ह झाला. इतका पुरावा असताना वादाला जागा कुठे, असे वाटत असतानाच गटासमोर निष्कर्षाचा भाग कापलेले दोन पेपर ठेवले गेले. पहिली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झालेली, सहा देशांतील सुमारे १ लाख जन्मांची, भारतात बेळगाव आणि नागपूर परिसरात झालेली. गावपातळीपासून स्टेरॉइडचा वापर वाढवलेल्या भागांत नवजात मृत्यू दर हजारी २७.४, तर इतरत्र २३.९ आढळले, म्हणजे उलट वाढले! दुसरी २०२० सालची, भारतासह पाच देशांतील निवडक रुग्णालयांत झालेली. तिच्यात नवजात मृत्यूचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले, म्हणजे साधारण २५ मातांना औषध दिल्यास एक बाळ वाचते.

औषधाचा वर्ग तोच असताना निकाल उलटे का, यावर पुढचा तास रंगला. पहिल्या चाचणीत इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक स्त्रियांना पुढे अगदी कमी वजनाचे, म्हणजे बहुधा अपुऱ्या दिवसांचे, मूल झालेच नाही, आणि मातांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही अधिक आढळला. दुसरीत मात्र गर्भाचे दिवस सोनोग्राफीने ठरवलेले होते आणि नवजात बाळाला श्वासाचा आधार देण्याची सोय हाताशी होती. तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने विचारले, "माझ्याकडे रात्री कळा घेऊन येणाऱ्या बाईला पाळीची तारीख आठवत नाही आणि सोनोग्राफी बंद असते, ती या दोनांपैकी कोणत्या पेपरात बसते?" संपूर्ण अभ्यासक्रमाचे सार या एका प्रश्नात होते. इंजेक्शन द्यावे की नाही, एवढ्यावर न थांबता दिवसांचा अंदाज कसा बांधावा, बाळाची सोय असलेल्या केंद्रात कधी पाठवावे आणि वाटेत काय करावे, इथपर्यंत चर्चा पोचली होती. नेमके तेव्हाच वेळ संपल्याचे जाहीर झाले.

माझी तक्रार याच ठिकाणी आहे. संशोधन विश्वासार्ह आहे का, हे तपासण्यासाठी दोन दिवस आणि ते आपल्या रुग्णाला लागू पडते का, यासाठी जेमतेम एक दुपार, ही वाटणी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांच्या कामाची नाही. त्यातही संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरवर खर्च झालेली सकाळ प्रबंधवाल्यांखेरीज कोणाच्याच उपयोगाची नव्हती. ते सत्र ऐच्छिक ठेवता आले असते. रुग्णाला 'दर २५ मातांमागे एक बाळ' म्हणजे काय हे साध्या मराठीत कसे सांगावे, याचा सरावही हवा होता.

जेवणाची व राहण्याची सोय बरी आहे, शुल्क अवाजवी नाही. पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षात असलेल्यांनी आणि जिल्हा-तालुक्याला काम करणाऱ्यांनी अवश्य जावे, मात्र आपल्या कामातील एक अडलेला प्रश्न आणि त्यावरचा एक पेपर सोबत न्यावा. गटप्रमुख तो चर्चेला घेतात, पण पहिल्याच सकाळी सांगावे लागते.