कोल्हापुरातून मिलानला नेलेलं पोर्टेबल शिलाई मशीन: टाका पहिल्या नंबरचा, पायडल भिकार

मशीन चांगलं आहे, पायडल टाकाऊ आहे. घाई असेल त्यांनी एवढं वाचून पुढे गेलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण फॅशन डिझाइनच्या इंटर्नशिपला बाहेर निघालेली कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडची पोरं हा प्रश्न हमखास विचारतात: इथून मशीन न्यावं का?

वस्तू कोणती ते सांगतो. अकरा हजारांच्या घरातलं, प्लास्टिक बॉडीचं, पुढून बॉबिन बसणारं झिगझॅग मशीन. फीचर खोक्यावर छापलेले असतात, ते पुन्हा लिहीत बसत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण तक्रार पायडलची आहे आणि या किमतीच्या बहुतेक मशिनांना त्याच जातीचं पायडल येतं.

मुळात घरी मशीन लागतं का? स्टुडिओत इंडस्ट्रियल मशिनं असतात, पण ती शिवणाऱ्या कारागिरांची. इंटर्नच्या वाट्याला मांजरपाटाचं टॉइल (कपड्याचा कच्चा नमुना) कापणं, नॉचेस म्हणजे जुळणीच्या खाचा मारणं, कापडाचे नमुने कापून चिकटवणं आणि पॅटर्नवरच्या दुरुस्त्या नव्या कागदावर उतरवणं एवढंच येतं. इटलीतल्या मिलानमध्ये बायकांच्या कपड्यांचे शो फेब्रुवारी-सप्टेंबरात आणि पुरुषांचे जानेवारी-जूनमध्ये असतात. त्याआधीचे आठवडे मशीन मोकळं मिळण्याची आशा सोडा. पोर्टफोलिओ आणि हाताचा सराव दोन्ही खोलीवरच होतात, म्हणून मशीन लागतंच.

वीज हा प्रश्न नाही. इथे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, इटलीतही तेच, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर विकत घेऊ नका. अडचण पिनांची आहे. आपल्या ६ अँपिअरच्या तीन पिनांच्या प्लगची पिन ५ मिलीमीटर जाड. इटलीच्या १० अँपिअरच्या सॉकेटची भोकं एका रेषेत आणि ४ मिलीमीटरच्या पिनेसाठी केलेली. ठोकून बसत नाही, बसवूही नये. चांगला घट्ट अ‍ॅडॉप्टर घ्या. ढिला असला की मशीन थरथरताना आत ठिणग्या पडतात, आणि ते मशीनच बिघडल्यासारखं वाटतं.

आता पायडल.

स्वस्त पायडल दोन प्रकारचं येतं. जुन्या पद्धतीच्या पायडलमध्ये कार्बनच्या चकत्यांची चळत असते. पाय दाबला की चकत्या एकमेकींना घट्ट टेकतात, रेझिस्टन्स कमी होतो आणि मोटर वेग घेते. अर्धवट दाबून हळू शिवलं की मोटरला न गेलेली वीज त्या चकत्यांत उष्णता होऊन बसते. खोलीवरचं सरावाचं काम नेमकं हळू शिवायचं: कॉलरचा कोपरा, बाहीचा घेर, इनव्हिजिबल चेन. अर्ध्या तासात पायडल तळपायाला चटका लावायला लागतं. शिवाय या चकत्यांना वेगाची मधली पायरी जमत नाही. दाबलं तरी काही नाही, काही नाही, आणि मग एकदम सुसाट.

दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक. आत छोटी प्लेट, तिच्यावर ट्रायॅक (वीज कमी-जास्त सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि पायाच्या दाबाने सरकणारा पोटेन्शिओमीटर (बदलता रेझिस्टन्स). हे तापत नाही आणि वेगही सलग वाढतो, पण ट्रायॅक किंवा त्याच्याजवळचा कपॅसिटर शॉर्ट झाला तर प्लग लावताक्षणी, पाय न ठेवताही मशीन पूर्ण वेगात सुटतं. सुईखाली बोट असेल तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून सुई बदलताना, दोरा ओवताना आणि खोलीबाहेर जाताना प्लग काढायचा. नुसतं मशिनवरचं बटण बंद करून भागवू नका.

तिसरा दोष दोन्ही प्रकारांत असतो आणि सगळ्यात जास्त तोच छळतो: वायर पायडलमध्ये शिरते तिथली रबरी नळी आखूड असते. रोज वायर गुंडाळून ठेवली की त्याच जागी ती वाकते, आतल्या तारा एकेक करून तुटतात, आणि पायडल इकडे सरकवलं की मशीन चालू, तिकडे सरकवलं की बंद. वायर पायडलभोवती आवळून गुंडाळूच नका. मोठा सैल वेढा करून ठेवा.

बिघाड पायडलचाच आहे हे ओळखायचं कसं? आधी चाक हाताने फिरवा. हलकं फिरलं तर आतली यंत्रणा ठीक. मग दिवा बघा. दिवा लागतो पण मोटर फिरत नाही, तर दोष पायडलचा किंवा मोटरच्या कार्बन ब्रशचा (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे). कार्बन चकत्यांचं पायडल असेल तर प्लग काढून मल्टिमीटर लावा: न दाबता सर्किट तुटलेलं दिसलं पाहिजे, दाबत गेलं की रेझिस्टन्स उतरत गेला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक पायडलवर ही चाचणी खात्रीची नाही.

आणि सर्व्हिस! वॉरंटी कार्डावर मुंगीच्या अक्षरांत लिहिलंय की वॉरंटी भारतातच लागू, आणि सुई, बल्ब, बेल्ट, पायडल वगळून. म्हणजे जे बिघडतं ते सगळं वगळून. कस्टमर केअरचं उत्तर एकच: मशीन आणि मूळ बिल घेऊन जवळच्या सर्व्हिस सेंटरला या. मिलानहून जवळचं म्हणजे कोणतं, याला उत्तर नाही. नुसतं पायडल पैसे घेऊन कुरिअरने पाठवा म्हटलं तर ते ‘सिस्टिममध्ये बसत नाही’. अकरा हजारांचं मशीन काहीशे रुपयांच्या डबीपायी बंद पडतं, याचा राग अजून उतरलेला नाही.

पहिल्या महिन्यात हा रिव्ह्यू लिहिला असता तर एक तारा दिला असता. आता तीन देतो, कारण टाका खरोखर सुरेख आहे. कोऱ्या मांजरपाटावर ८०/१२ नंबरची सुई आणि अडीच मिलीमीटरचा टाका लावला की शिलाई सरळ आणि सपाट बसते. डेनिमचे चार थर १००/१६च्या सुईने निघतात. जाड जोडावर फूट (कापड दाबून धरणारा पाय) तिरकं झालं की मागे पुठ्ठ्याची घडी सारायची, टाका चुकत नाही. बॉबिन केसचा ताण तपासायला दोरा धरून केस लोंबकळत सोडा. हिसका दिल्यावर थोडीशी उतरून थांबली तर बरोबर. स्क्रू एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त फिरवू नका.

टाके सुटत असतील तर मशिनला शिव्या देण्याआधी सुई बघा. स्टुडिओतल्या इंडस्ट्रियल मशिनची डीबी×१ सुई गोल दांड्याची असते, घरच्या मशिनला १३०/७०५ एच, म्हणजे एका बाजूने सपाट दांड्याची लागते. टेबलावरची सुई उचलून घरी लावली की काम बिघडलंच. सुया इथूनच न्या, चार पाकिटांचं वजन काहीच नसतं.

मांजरपाटाबद्दलही थोडं. इचलकरंजीचा कोरा मांजरपाट न्यायला हरकत नाही. ३६ इंच पन्ह्याचा, दीडशे जीएसएमचा (चौरस मीटरला दीडशे ग्रॅम) दहा मीटर नेला तर वजन १.४ किलोच्या आत राहतं. मात्र त्यातली खळ आणि तंतूंची धूळ शटलच्या खोबणीत साचते. तीन-चार तास शिवलं की बॉबिन केस काढून ब्रशने झाडा आणि खोबणीत तेलाचा एकच थेंब द्या. खळीचा कपडा अंगावर ताठ उभा राहतो, त्यामुळे जाकिटाच्या टॉइलला छान. व्हिस्कोजसारख्या लोळणाऱ्या कापडाच्या उरेब (तिरक्या) कापाच्या ड्रेसचं टॉइल त्यात करू नका, फिटिंग साफ फसवं येतं.

माप ही वेगळी डोकेदुखी. आपल्याकडे इंचात शिकवतात आणि पुढे उसवून सैल करता यावं म्हणून बगलेत इंचभर माया सोडतात. तिथे सगळं सेंटिमीटरमध्ये आणि शिलाईची माया साधारण एक सेंटिमीटर. अर्धा इंच म्हणजे १.२७ सेंटिमीटर. सवयीने अर्ध्या इंचावर शिवलं तर प्रत्येक शिलाईत दोन्ही थरांचे मिळून ५.४ मिलीमीटर जास्तीचे खाल्ले जातात. चार शिलायांच्या कपड्यात दोन सेंटिमीटरहून जास्त गेले. या मशिनच्या प्लेटवरच्या खुणा पुसट आहेत, सुईपासून १० मिलीमीटरवर रंगीत टेप चिकटवून टाका.

कोल्हापूरचे म्हटल्यावर चपलेचा विषय निघतोच. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या पुरुषांच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि २०१९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) असलेल्या या वस्तूवर गदारोळ झाला. तेव्हापासून पोर्टफोलिओत चामड्याचा तुकडा घालायचा मोह वाढलाय. या मशिनवर चामडं शिवू नका. सुई वाकते, टायमिंग (सुई आणि शटलचा मेळ) बिघडतं. आणि खरी कोल्हापुरी मशिनवर शिवतातच कुठे? ती हाताने, चामड्याच्याच वादीने शिवतात.

पैशांचा हिशेब: असलंच साधं मशीन इटलीत नवं दीडशे ते दोनशे युरोत मिळतं, म्हणजे इथल्यापेक्षा महाग. पण युरोपियन युनियनमध्ये नव्या वस्तूवर विक्रेत्याची दोन वर्षांची कायदेशीर हमी असते, आणि पायडल बिघडलं तर दुकानात नेता येतं. दुसरीकडे, अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या इंटर्नशिपला मानधन देणं तिथे बंधनकारक नाही, त्यामुळे दोनशे युरो हलके वाटत नाहीत. माझं मत: सहा महिन्यांपर्यंत जायचं असेल तर तिथे जुनं घ्या आणि निघताना विका. वर्ष किंवा जास्त असेल आणि सामानाच्या वजनात सात किलो बसत असतील तर इथून न्या.

नेताना सुई काढा, फूटखाली कापडाची घडी ठेवून ते खाली करा, चाक टेपने बांधा. मोठी कात्री चेक-इनच्या बॅगेतच, युरोपात ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याची केबिनमध्ये चालत नाही. आणि जादा पायडल कोल्हापुरातच, मशीन सोबत नेऊन, लावून बघून घ्या: २२०–२४० व्होल्टचं, त्याच आकाराच्या पिनांचं, एसी मोटरसाठीचं. ८५ वॉटचं मशीन ०.३७ अँपिअरच्या आसपास घेतं, तेव्हा अर्ध्या अँपिअरचं पायडल पुरतं. शक्यतो इलेक्ट्रॉनिक घ्या, आणि दुकानदार ‘सगळ्यांना हेच बसतं’ म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.