कासवाच्या कवचाची म्हणून मला विकलेली पिक

तक्रार करायला मला दोन महिने लागले. तक्रारीत मी काय विकत घ्यायला गेले होते ते लिहावं लागणार होतं, आणि ते लिहायची मला लाज वाटत होती. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. त्याचा सगळा धंदा याच लाजेवर चालतो, म्हणून ती बाजूला ठेवून सगळं सांगते.

मी मँडोलिन वाजवते आणि जोडीला अकूस्टिक गिटार. मँडोलिनला आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. पिक म्हणजे तारा छेडायची छोटी चपटी पट्टी. ती एका जोडीवरून जाते तेव्हा दोन्ही तारा एकाच क्षणी वाजल्यासारख्या वाटायला हव्यात. पातळ पिक पहिल्या तारेवरच वाकते, दुसरीवर उशिरा पोचते आणि सुराच्या आधी 'टक' ऐकू येतं. या 'टक'ने मला कित्येक वर्षं छळलं. नायलॉनच्या पिका झाल्या, 0.73 मिलिमीटरच्या झाल्या, 0.88च्या झाल्या. मनासारखा भरीव सूर काही निघेना. आणि जुने वादक भेटले की एकच वाक्य कानावर यायचं: कासवाच्या कवचाच्या पिकेची सर कशालाच नाही.

अशा वेळी विक्रीच्या एका संकेतस्थळावर ती जाहिरात दिसली. जुन्या साठ्यातली, अस्सल कवचाची, हाताने घासून केलेली, दीड मिलिमीटर जाड. सोबत एक मिनिटाचा व्हिडिओ होता: आधी साधी पिक, मग ही. फरक इतका स्पष्ट होता की मी तो चार वेळा ऐकला.

मी विचारलं, "हे कायदेशीर आहे का?" उत्तर लगेच आलं, "ताई, बंदीच्या आधीचा माल आहे. काळजी करू नका." मी कागद मागितला. त्यावर तो म्हणाला की इतक्या लहान वस्तूला कोणी कागद विचारत नाही, पाकिटावर तो 'बटण' असं लिहील. मग म्हणाला की संकेतस्थळाचं कमिशन वाचवू, पैसे थेट पाठवा, थोडी सूट देतो. तारांचे डझनभर चांगले सेट आले असते एवढी रक्कम मी पाठवली. कागद नाही, खोटं लेबल, थेट पैसे. यातली एकेक गोष्ट मला थांबवायला पुरेशी होती. पण तो सूर माझ्या कानात बसला होता.

पिक आली. मधासारखा रंग, त्यात तपकिरी ढग. पहिले काही दिवस मी खूश होते, आणि तो आनंद खोटा नव्हता: 'टक' खरंच कमी झालं होतं. तिसऱ्या आठवड्यात पिकेचं टोक एका बाजूने तिरपं झालं, कडेवर बारीक खाचा पडल्या आणि मँडोलिनच्या लाकडावर पांढरट भुकटी दिसू लागली. कवचही झिजतं, पण इतक्या लवकर झिजेल असं वाटलं नव्हतं.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे ती घेऊन गेले. काकांनी ती लोकरीच्या कापडावर जोरात घासली, गरम झाल्यावर माझ्या नाकाशी धरली आणि विचारलं, "कसला वास येतोय?" कापराचा. दुसरा कसला असूच शकत नव्हता.

म्हणजे पिक सेल्युलॉइडची होती. सेल्युलॉइड हे जुनं प्लास्टिक, नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं. 1870च्या सुमारास अमेरिकेत ते बाजारात आलं, आणि हस्तिदंत, शिंग, कवच यांची नक्कल करणं हा त्याचा मोठा उपयोग होता. 1920च्या दशकापासून पिका त्याच्या पत्र्यातून ठशाने कापल्या जाताहेत. म्हणजे माझ्या हातात होती ती पिकेच्या दुनियेतली सगळ्यात साधी वस्तू. काकांनी भिंगाखाली कडही दाखवली: एका बाजूला ठशाने कापल्याची बारीक उठलेली धार तशीच होती. हाताने घासलेल्या पिकेवर ती उरलीच नसती. आणि डाग. खऱ्या कवचातला तपकिरी डाग भिंगाखाली असंख्य सूक्ष्म ठिपक्यांचा बनलेला दिसतो. माझ्या पिकेत रंगाचे सलग ओघळ होते, ठिपका एकही नव्हता.

इथे एक कळकळीची विनंती. अशी शंका आली की तापवलेली सुई टोचून पाहा, असा सल्ला बरेचजण देतात. तो ऐकू नका. सेल्युलॉइड क्षणात पेट घेतं. घासून वास घेणं आणि भिंग, एवढं पुरतं.

काकांना मी म्हटलं, म्हणजे मला खोटी मिळाली. ते म्हणाले, "अगं, खरी मिळाली असती तर?" हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. पिकांसाठी वापरलं जायचं ते कवच हॉक्सबिल या समुद्री कासवाचं. ते आज अतिसंकटग्रस्त आहे. 1977 पासून ही पूर्ण प्रजाती साईट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे आणि तिच्या अवयवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. करारापूर्वीची वस्तू असली तरी ती सीमेपार न्यायला तसं प्रमाणपत्र लागतं. 'बंदीच्या आधीचा माल' हे नुसतं तोंडाने म्हणून भागत नाही. खोटी निघाली तर पैसे बुडाले, खरी निघाली तर मी गुन्ह्यात सामील. अशा सौद्यात गिऱ्हाईक ओरडत नाही, हे त्या माणसाने ओळखलं होतं. आणि कवच म्हणजे केराटिन, आपल्या नखांत असतं तेच द्रव्य. त्यासाठी एका कासवाचा जीव जातो, हे मला आधी माहीत असूनही मी नजरेआड केलं, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

घरी येऊन तो व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी आवाज बंद करून. साधी पिक वाजताना हात घोडीजवळ, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळ होता, 'कवचाची' वाजताना ध्वनिछिद्राच्या वर सरकलेला. घोडीजवळ सूर टोकदार आणि बारीक निघतो, वर सरकलं की गोल आणि भरीव. त्यात साधी पिक पातळ होती, दुसरी जाड. तो फरक हाताच्या जागेचा आणि जाडीचा होता. पिक कशाची आहे याची परीक्षा त्यात झालीच नव्हती. असे व्हिडिओ एकदा तरी आवाज बंद करून बघा.

मग मी स्वतः चाचणी केली. मैत्रिणीला सांगितलं, मी डोळे मिटते, तू एकेक पिक हातात दे. तीच ओळ, तीच जागा, माइक तेवढ्याच अंतरावर. ती महागडी पिक आणि त्याच जाडीची साधी सेल्युलॉइडची पिक, यांत रेकॉर्डिंगवरून मला एकदाही फरक सांगता आला नाही. जाडी बदलली की मात्र लगेच कळत होतं, आणि कड बदलली की त्याहून जास्त. कडेबद्दल कोणी बोलत नाही, पण माझ्या अनुभवात अर्ध्याहून अधिक सूर तिथेच ठरतो. दीड मिलिमीटरची एक साधी पिक मी पाणी लावून 400, मग 1000, मग 2000 नंबरच्या पॉलिश पेपरवर घासली, दोन्ही कडा गोलाकार केल्या आणि शेवटी जुन्या जीन्सच्या कापडावर चकाकेपर्यंत रगडली. 'टक' गेलं. ज्यासाठी मी इतकी वर्षं धडपडले ते अर्ध्या तासात हाती आलं. मँडोलिनला पिकेच्या टोकाऐवजी तिचा गोल कोपरा वापरून पाहा, टोकापेक्षा सूर जाड लागतो. गिटारवर नुसते कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकत्र, वाजवायचे असतील तर 0.6 ते 0.7 मिलिमीटरची लवचीक पिकच बरी, एकेक सूर वेचायचा असेल तर एक मिलिमीटरच्या पुढे जा. तयार तिरप्या कडेची पिक घेत असाल तर ती बहुतेक उजव्या हाताच्या वादकासाठी कापलेली असते. डावखुऱ्यांनी हे आधी विचारावं. कवचाच्या जवळचा कडकपणा हवा असेल तर अल्टेम नावाचं मधाळ रंगाचं प्लास्टिक आहे. माझ्या हाताला ते पसंत पडलं.

शेवटी तक्रार केली. सगळे संदेश, लेबलचा फोटो आणि मी कवच समजूनच घेतलं होतं हेही लिहिलं. पैसे बाहेरून दिल्यामुळे परत मिळाले नाहीत. जाहिरात मात्र चार दिवसांत निघाली.

परवा ती पुन्हा दिसली, विक्रेत्याच्या नव्या नावाने. फोटो तोच आहे: हिरवं कापड, त्यावर मधाच्या रंगाची पिक आणि उजव्या कोपऱ्यात अर्धवट दिसणारी पितळी मोजपट्टी.