व्हीपीएनवाल्यांना आयपी कुठून द्यायचा?

कारखाना आणि सर्व्हर शिरोली एमआयडीसीत, हिशेब बघणारा माणूस इचलकरंजीत घरी. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या जाळ्यात शिरायचा खासगी बोगदा, वापरून अशी सोय आता कोल्हापुरात बऱ्याच ठिकाणी आहे, आणि ‘व्हीपीएन कनेक्ट दाखवतंय, पण सर्व्हर उघडत नाही’ ही तक्रारही. शिव्या लाईनला बसतात, पण पुष्कळदा गोची आयपी पत्त्यांची, म्हणजे जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राच्या आकडी पत्त्यांची, असते. विंडोज सर्व्हरवरच व्हीपीएन चालवत असाल तर बाहेरून येणाऱ्याला पत्ता द्यायच्या तीन तऱ्हा आहेत.

पहिली, डीएचसीपीवर (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेवर) सोडून द्यायची. वेगळं काही मांडावं लागत नाही. व्हीपीएन सर्व्हर तिच्याकडून एकदम १० पत्ते उचलतो, एक स्वतःला ठेवतो, उरलेले वाटतो. संपले की पुढचे १०. डीएचसीपीकडून उत्तरच आलं नाही, तर येणाऱ्याच्या हातात १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता पडतो. तो दिसला की घरचं वायफाय तपासत बसू नका, दोष ऑफिसच्या बाजूला आहे. मास्क (आपलं जाळं कुठवर ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.२५५ दिसला म्हणून मात्र घाबरायचं कारण नाही, व्हीपीएनवर तो तसाच असतो.

दुसरी, ऑफिसच्याच रेंजमधला, म्हणजे पत्त्यांच्या पट्ट्यातला, एक तुकडा व्हीपीएनसाठी राखायचा. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२०० ते २२०. इथे राउटरला हात लावावा लागत नाही, कारण बाहेरच्यांच्या वतीने सर्व्हरच लॅनवर (ऑफिसच्या आतल्या जाळ्यावर) ‘हजर’ म्हणतो. तेवढे पत्ते डीएचसीपीच्या स्कोपमधून (वाटायच्या पत्त्यांच्या यादीतून) वगळायला विसरलात, तर एकच पत्ता दोघांना जातो आणि कधी प्रिंटर गायब, कधी अकाउंटंट. दहाबारा संगणकांच्या ऑफिसला ही तऱ्हा पुरते.

तिसरी, व्हीपीएनला वेगळीच रेंज, समजा १०.७३.२०.०. माझं मत हिच्या बाजूने. कोण बाहेरून आलंय ते पत्त्यावरूनच कळतं, कुणाला कुठवर जाऊ द्यायचं ते फायरवॉलमध्ये (जाळ्यातली ये-जा तपासणाऱ्या चौकीत) नीट लिहिता येतं. पण घाईत केली तर हीच जास्त छळते. ऑफिसच्या राउटरला ही रेंज कुठे आहे ते माहीत नसतं. निरोप आत पोचतो, उत्तर मात्र इंटरनेटच्या दिशेने जाऊन हरवतं. राउटरमध्ये त्या रेंजचा स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेली वाट) व्हीपीएन सर्व्हरकडे वळवावा लागतो. राउटर स्वतःच व्हीपीएन सर्व्हर असेल, तर एवढी कसरत नको. त्यानंतरही शेअर फोल्डर उघडला नाही, तर विंडोज फायरवॉल बघा: फाइल शेअरिंगचा नियम बहुधा फक्त ‘लोकल सबनेट’ला, म्हणजे त्याच रेंजमधल्या यंत्रांना, वाट देतो, आणि ही रेंज त्याच्या लेखी परकी.

आता खरं दुखणं, जे या तिन्हींनी बरं होत नाही. ऑफिसची लॅन १९२.१६८.१.० आणि घरच्या राउटरचीही तीच. मग घरचा लॅपटॉप १९२.१६८.१.१० हा सर्व्हर घरातच शोधतो, बोगद्यात निरोप सोडतच नाही. ओळखायची खूण सोपी: मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं आणि घरच्या वायफायवर नाही. जिओफायबरच्या राउटरची रेंज सहसा १९२.१६८.२९ असते, म्हणून एकाचं सुरळीत चालतं आणि शेजारच्या टेबलावरच्याचं घरी गेल्यावर अडतं. एकाच माणसाचा प्रश्न असेल तर त्याच्या घरच्या राउटरची रेंज बदलून मोकळे व्हा. माणसं पाचसहा झाली की ऑफिसचीच लॅन १० ने सुरू होणाऱ्या एखाद्या आडवळणी रेंजवर न्या.

ते काम सुट्टीच्या दिवशी काढा. त्याआधी हाजिरीचं मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, प्रिंटर यांना हाताने घातलेले पत्ते कागदावर उतरवून घ्या; संगणक नवा पत्ता आपसूक उचलतील, ही मंडळी उचलणार नाहीत.